डब्यातल्या बारा नगांची पावणेपंधरा मिनिटं: सोलास फ्लेअर संचाचं परीक्षण

४ पॅराशूट रॉकेट, ६ हँड फ्लेअर आणि पाण्यावर तरंगणारे नारिंगी धुराचे २ डबे. सोलास या समुद्रावरच्या जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मोठ्या जहाजाच्या लाइफबोटीत आणि लाइफराफ्टच्या पूर्ण पॅकमध्ये ठेवायचा हा संच, संकटात उजेडानं आणि धुरानं खूण करण्यासाठी. ट्रॉलर, यॉट किंवा पर्यटकांना फिरवणारी बोट यांच्यासाठी खरेदी करतानाही हाच माप धरून चालणं बरं. नियमाप्रमाणे एक रॉकेट किमान ४० सेकंद जळतं, हँड फ्लेअर १ मिनिट आणि धुराचा डबा ३ मिनिटं चालतो. बाराही नग एकापाठोपाठ एक वापरले तरी हातात येतात १४ मिनिटं ४० सेकंद. ही वस्तू घेताना हा आकडा आधी डोक्यात बसवावा, म्हणजे तिच्याकडून काय अपेक्षा करायची ते आपोआप ठरतं.

फ्लेअर मदत बोलावण्याचं पहिलं साधन नाही. आधी व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, असेल तर ईपर्ब किंवा इस्रोने मच्छीमारांसाठी तयार केलेलं डॅट या उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणाऱ्या यंत्राचं बटण, आणि मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. पावणेपंधरा मिनिटांचा हा साठा राखायचा तो दुसऱ्या बोटीचे दिवे दिसले, विमानाचा आवाज आला किंवा शोधायला निघालेलं जहाज जवळ आलं, त्या वेळेसाठी. रिकाम्या समुद्रावर घाबरून चारही रॉकेट उडवली, की खरंच जहाज दिसतं तेव्हा डबा रिकामा असतो.

संचातली सगळ्यात जमलेली वस्तू रॉकेट. ते किमान ३०० मीटर वर जातं, तिथे छत्री उघडते आणि लाल ज्योत खाली उतरू लागते. तेज किमान ३०,००० कॅन्डेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक), उतरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त नाही. म्हणजे ४० सेकंदांत ती फार तर २०० मीटर खाली येते आणि समुद्रापासून साधारण १०० मीटर वर विझते, जळती पाण्यात किंवा कुणाच्या डोक्यावर पडत नाही. ३०० मीटर उंचीचा दुसरा फायदा क्षितिजाचा. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, त्याला सुमारे २.१ ने गुणा, की क्षितिज किती सागरी मैलांवर आहे ते कळतं. होडीवर ३ मीटर उंच धरलेल्या हँड फ्लेअरला हे अंतर साडेतीन मैलांच्या आसपास येतं, ३०० मीटरवरच्या ज्योतीला ३६ मैल. हवा स्वच्छ हवी, हे वेगळं सांगायला नको. ढग ३०० मीटरच्या खाली असले, तर सरळ वर मारलेलं रॉकेट ढगात शिरतं आणि खालून दिसते ती नुसती गुलाबी झाक. अशा वेळी ते ४५ अंशांत कलवून, वारा जातो त्या दिशेला मारायचं, म्हणजे ज्योत ढगाखाली राहते. एरवी सरळ वर. वारा जोराचा असेल तर किंचित, १५ अंशांपर्यंत, वारा जातो तिकडे कलवायचं, कारण चढताना रॉकेट आपसूक वाऱ्याकडे तोंड वळवतं. ताशी २० सागरी मैलांच्या वाऱ्यात छत्री ४० सेकंदांत ४०० मीटर वाहत जाते. बोट किनाऱ्याला लागून असेल, तर ती झाप, गवत किंवा सुकत घातलेल्या जाळ्यांवर जाऊ शकते, तेवढा अंदाज घ्यायला हवा.

रॉकेट एकटं मारायचं नाही, जोडीनं मारायचं. पहिलं दिसलं की पाहणारा मान वळवतो, पण दिशा पकडेपर्यंत ते विझलेलं असतं. दोनेक मिनिटांनी दुसरं गेलं की त्याला कंपासवर नेमकी दिशा मिळते. म्हणून चार रॉकेट म्हणजे दोन संधी, असा हिशेब धरावा. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की मात्र रॉकेटला हात लावायचा नाही. मग दिवसा धूर, रात्री हँड फ्लेअर.

हँड फ्लेअर सोपी वाटते, आणि खलाशाला भाजतं ते बहुधा हिच्यामुळेच. १५,००० कॅन्डेलाचा लाल उजेड, तोही हातभर अंतरावर. तिच्याकडे पाहिलं तर काही मिनिटं अंधारात काहीच दिसत नाही, आणि त्या क्षणी बोटीवर दिसणं सगळ्यात गरजेचं असतं. आत मॅग्नेशियम आणि लाल रंगासाठी स्ट्रॉन्शियमचे क्षार असतात. जळताना वितळलेला मळ थेंबाथेंबानं खाली पडतो. हा थेंब नायलॉनच्या दोरीवर पडला तर तिचे पीळ वितळून एकमेकांना चिकटतात, राफ्टच्या रबरावर पडला तर भोक, आणि डिझेलच्या कॅनजवळ पडला तर पुढचं सांगायला नको. पकडायची रीत अशी: पाठीवर वारा येईल असं उभं राहायचं, म्हणजे समोरची बाजू आपोआप वारा बाहेर नेणारी होते. हात पूर्ण लांब, कठड्याच्या बाहेर, नळी थोडी पाण्याकडे कललेली. हातमोजा असेल तर घालायचा, नसेल तर ओलं जाड सुती कापड गुंडाळायचं, सिंथेटिक शर्टाची बाही वर सारायची. मान दुसरीकडे. पेटवल्यावर हात कापू लागला तर फ्लेअर समुद्रात सोडून द्यायची, डेकवर टाकायची नाही.

एक गैरसमज इथेच निस्तरायला हवा. नियमातल्या चाचणीत हँड फ्लेअर १०० मिलिमीटर पाण्याखाली १० सेकंद बुडवल्यावरही जळत राहायला हवी. लाट अंगावर आली तरी ती विझू नये, म्हणून ही अट. पण याचाच अर्थ असा, की डेकवर पडलेली फ्लेअर बादलीभर पाण्यानं विझेल या भरवशावर राहता येत नाही. पायानं, बोटहूकनं, जमेल तसं तिला कठड्याबाहेर ढकलायचं.

धुराच्या डब्यावर लिहिण्यासारखं थोडंच आहे. दिवसाच उपयोगाचा, ज्वाला नाही, पाण्यावर तरंगत ३ मिनिटं नारिंगी धूर सोडतो. रिंग ओढायची आणि वारा बाहेर जातो त्या बाजूनं पाण्यात टाकायचा. उलट्या बाजूनं टाकला तर धूर बोटीवर येतो, खलाशी खोकत बसतात आणि वरून कुणाला बोट दिसत नाही. जोराच्या वाऱ्यात धूर पाण्यालगत चपटा पसरतो, तेव्हा लांबच्या जहाजाला तो दिसेल अशी आशा नको. विमान आणि हेलिकॉप्टरला मात्र वरून स्पष्ट दिसतो, शिवाय वाऱ्याची दिशा कळते ती वेगळी. आमच्या मते संचातली सर्वात कमी दाद मिळणारी आणि दिवसा सर्वात कामाची वस्तू हीच.

आता खरेदी. पेन्स वेसेक्स, कॉमेट, इकारोस ही नावं जहाजांवर सगळीकडे दिसतात. सोलासची मान्यता असलेला माल असेल तर वर दिलेले आकडे प्रत्येकाला पाळावेच लागतात, तेव्हा ज्योत कुणाची जास्त चांगली या वादात वेळ घालवू नये. फरक पडतो तो पेटवण्याच्या रीतीत. कुणाचं बूड फिरवून काढलं की दोरी खाली येते आणि ती हिसका देऊन ओढायची. कुणाचं टोक फिरवून ठोकायचं, तर कुणाचं खालचं बटण दाबायचं. उजेडात बसून तीनही सोप्या वाटतात. हिवाळ्यातल्या पहाटे, ओल्या हातांनी, डुलणाऱ्या डेकवर उभं राहून मात्र आपल्या हाताला सवय असलेली एकच रीत आठवते. त्यामुळे आमचा आग्रह एवढाच, की एका बोटीवर एकाच कंपनीचे फ्लेअर ठेवावेत. दोन ठिकाणांहून स्वस्तात मिळाले म्हणून मिसळ केली, तर पेटवण्याऐवजी वेष्टणावरची चित्रं वाचण्यात अर्धा मिनिट जातं. घेताना डोळे मिटून नळी हातात फिरवून पाहा. वरचं टोक कुठलं आणि पकडायची बाजू कुठली, हे बोटांना कळलं पाहिजे. कळत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा माल मागा. झाकण मात्र दुकानात उघडायचं नाही. सवयीसाठी स्फोटक नसलेली डमी मिळत असेल तर एक घ्या आणि तांडेलापासून जेवण करणाऱ्या पोरापर्यंत प्रत्येकाकडून सराव करून घ्या.

त्यानंतर तारीख. मुदत बहुतेक मालाला बनवल्यापासून ३ वर्षांची असते. फडताळात वर्षभर पडलेला संच घेतला तर पैसे तीन वर्षांचे जातात आणि वापर दोनच वर्षांचा मिळतो. पेटी फोडून प्रत्येक नगावरची तारीख वाचा, बाहेरच्या कागदावर विसंबू नका. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मशीनचं काम चाललेलं असतं. फ्लेअर बदलायची हीच वेळ. मुदत नोव्हेंबरात संपत असली तरी जुलैतच बदलून नारळी पौर्णिमेला नवा डबा घेऊन निघावं. हंगामाच्या मध्यात, बंदरात बर्फ भरता भरता ही खरेदी कुणी करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कुणी परदेशातून येताना आणेल का, असाही प्रश्न असतो. नको. फ्लेअर हा विमानात ना हातातल्या बॅगेत चालतो, ना खाली टाकलेल्या सामानात. तो स्फोटक मालच आहे. शिवाय अमेरिकेत किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या छोट्या होड्यांसाठी विकतात ती हँड फ्लेअर वेगळ्या मापाची. तिचं तेज सोलासच्या १५,००० कॅन्डेलाऐवजी ५०० कॅन्डेलाच्या घरात असतं. जळते जास्त वेळ, पण उजेडात फरक फार मोठा. पिस्तुलातून उडणारी छोटी गोळी तर जेमतेम सहा-सात सेकंद दिसते.

बॅटरीवरच्या एलईडी दिव्याबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलानं छोट्या होड्यांना रात्रीसाठी फ्लेअरच्या जागी असा दिवा चालवून घेतला आहे, दिवसासाठी सोबत नारिंगी झेंडा हवा. सिरियस सिग्नल कंपनीचा या जातीचा दिवा तिथे मान्यता मिळालेला. आग नाही, भाजायची भीती नाही, एक्सपायरीनंतर कुठे टाकायचा हा पेच नाही, आणि सहा तास एसओएस मारत राहतो. पण तिथल्या नियमात मागितलेलं किमान तेज ७५ कॅन्डेला आहे. कोकणच्या समुद्रात रात्री जाळ्यांच्या बोयांवर लुकलुकणारे दिवे शेकड्यांनी असतात. त्यांच्यात आणखी एक पांढरा लुकलुकणारा दिवा पाहून कोणी सुकाणू वळवेल अशी आशा करणं भोळेपणाचं. ३६ मैलांवरचं लाल रॉकेट पाहून जी शंका येते, ती या दिव्यानं येत नाही. घ्यायचाच असेल तर फ्लेअर विझल्यानंतर जवळ आलेल्या मदतीला आपली जागा दाखवायला घ्या, आणि सोबत सुट्या बॅटऱ्या कोरड्या पिशवीत ठेवा. सोलासच्या संचाची जागा तो भरत नाही.

संच घेऊन आल्यावर तो ठेवायचा कुठे, यावर बरंच अवलंबून. उणे ३० ते अधिक ६५ अंश सेल्सिअस तापमानात साठवून बिघडू नये, असं नियम सांगतो. ६५ अंश वाचून निश्चिंत होऊ नका. मे महिन्यात केबिनच्या काचेखालच्या फळीवर किंवा मशीनच्या कव्हरला लागून ठेवलेला डबा किती तापतो ते हात लावून पाहिलं की कळतं. सिलिंडर आणि डिझेलच्या कॅनपासूनही लांब. आणि कुलूप लावलेल्या, जाळ्यांखाली दबलेल्या पेटीत ठेवला, तर तो असून नसल्यासारखाच. चांगली जागा म्हणजे केबिनच्या दाराच्या आत, सावलीत, हात घातला की मिळेल अशी, दोन पट्ट्यांनी बांधलेली.

डबा रुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा, शक्यतो नारिंगी प्लास्टिकचा घ्यावा. पण झाकणाच्या आतली रबराची रिंग बघा, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. वर्षातून एकदा रिंग काढून पुसायची, खाचेत मीठ बसलेलं असेल तर गोड्या पाण्यानं धुवायची, वाळवायची, चिरलेली असेल तर बदलायची. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि फ्लेअर हलू नयेत म्हणून सुती कापड. डब्यावर जाड मार्करनं पुढची तारीख लिहायची. तपासताना प्रत्येक नग हातात घेऊन बघायचा: टोपी घट्ट आहे का, नळीला पोचा किंवा गंज आहे का, सील सुटलंय का, नळीवर पांढरी भुकटी किंवा ओलसर डाग आहे का. यातलं एक जरी दिसलं तर तारीख बाकी असली तरी तो नग बाजूला.

पेटवायला गेलं आणि पेटला नाही, तर? रॉकेट तसंच, त्याच दिशेला, किमान अर्धा मिनिट धरून ठेवायचं. उशिरानं पेटतं, आणि पेटताना ते कुणी तोंडाशी आणून पाहत असेल तर जीवावर बेततं. त्यानंतर नळीवर छापलेली निर्मात्याची सूचना पाळायची. काही झालं तरी न पेटलेला नग पुन्हा डब्यात टाकायचा नाही, दुरुस्तीचा प्रयत्न करायचा नाही, दुसऱ्या बाजूनं ठोकायचं नाही.

आता परीक्षणाचा सगळ्यात कमी गुणांचा भाग: जुना झालेला माल. मुदत संपली की फ्लेअर निकामी होत नाही, बेभरवशाची होते. दमट हवेनं आतलं मिश्रण बिघडतं, मॅग्नेशियमवर थर धरतो, आणि रॉकेटच्या इंधनाच्या गोळ्याला चीर गेली तर जळायचा पृष्ठभाग वाढून नळी फुटू शकते. म्हणून ‘राहू दे, जास्तीचं म्हणून’ या सवयीला आमचा विरोध. घाईत हाताला आधी जुनीच लागते.

लोक तिचं काय करतात तेही माहीत आहे. दिवाळीत किंवा लग्नाच्या वरातीत उडवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. लाल फ्लेअर ही जगभर संकटाची खूण म्हणून ठरलेली आहे, समुद्रावर टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या परिशिष्टात तिचं नाव आहे आणि संकट नसताना ती वापरायला तिथेच मनाई आहे. किनाऱ्यावरून कुणीतरी रॉकेट सोडतो आणि शोधासाठी बोट सुटते. शिवाय ३०० मीटरवर जाणारी ही वस्तू, फटाका नव्हे. समुद्रात टाकणं हा दुसरा प्रकार. हवाबंद नळी महिनोन्महिने टिकते, पुळणीवर येते आणि पोरांच्या हाती लागते. तिसरा, बादलीत भिजत ठेवणं. ज्या वस्तूचं वेष्टणच पाणी आत शिरू नये म्हणून बनवलं, ती बादलीनं निकामी होत नाही. चौथा, कचऱ्यात टाकणं, आणि मग भंगारवाला नळी कापायला घेतो.

भारतात स्फोटकांचा कारभार १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम यांच्याखाली चालतो, आणि तो बघणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, पश्चिम विभागाचं कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला. स्फोटक नष्ट करणं हे परवाना असलेल्याचं काम, बोटमालकाचं नव्हे. तेव्हा सोपा रस्ता असा, की नवा संच घेतानाच दुकानदाराला विचारायचं: जुने परत घेता का, किती पैसे लागतील, आणि घेतल्याची पावती देता का? लाइफराफ्टची सर्व्हिसिंग करणाऱ्या केंद्रातही हे विचारता येतं, कारण राफ्टच्या पॅकमधले जुने फ्लेअर त्यांच्याकडेही जमतात. जो दुकानदार नाही म्हणतो, त्याच्याकडून दोन पैसे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. तीन वर्षांनी त्या दोन पैशांचं ओझं माळ्यावर पडलेलं असतं. बेवारस, गंजलेली किंवा पुळणीवर सापडलेली नळी मात्र उचलायचीच नाही. लोकांना लांब ठेवून पोलिसांना कळवायचं.

परत देईपर्यंत जुने नग नव्यांपासून वेगळ्या डब्यात, ‘मुदत संपलेले’ असं मोठ्या अक्षरात लिहून, सावलीत, घराबाहेर आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवायचे. दुकानापर्यंत नेतानाही वेष्टणातच, मोटरसायकलच्या डिकीत सुटे टाकून नव्हे. आणि चुकून साठ्यानंच पेट घेतला तर विझवायला धावायचं नाही. माणसं बाहेर काढायची, लांब जायचं आणि १०१ ला फोन करताना आत फ्लेअर आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.